वाड्याची खोटी साक्ष

पुण्यात जुन्या बंगल्यांचा पुनर्विकास जोरात सुरू झाल्यापासून एक युक्तिवाद वारंवार कानावर येतो. समोर पुरुषभर उंचीची सलग भिंत हवी, तिला आरपार काही दिसणार नाही असं बंद फाटक हवं. आणि का, तर म्हणे आपली वाडासंस्कृतीच तशी होती. जाहिरातीत दिंडी दरवाजाचं चित्र असतं, खाली सीसीटीव्ही आणि चोवीस तास सुरक्षारक्षकांची हमी. समोरच्या अंगणाला कुंपण घालावं की नाही, हा घरमालकाचा साधा व्यवहारी प्रश्न आहे. त्याचं उत्तरही साधं आहे: घालावं, पण छातीच्या वर न जाणारं, आणि गेलंच तर पलीकडचं दिसू देणारं. ज्याला उंच भिंत हवीच असेल त्याने भीतीचं कारण द्यावं, ऐटीचं द्यावं. वाड्याला साक्षीला बोलावू नये.

वाड्यापर्यंतचा इतिहास भरभर सांगता येतो. कोकणात आवाराला जांभ्या दगडाचा गडगा असे, गुरं आत शिरू नयेत एवढ्यापुरता. त्यावरून शेजाऱ्याशी गप्पा होत. देशावर कुंपण शेताला, शेराचं किंवा घायपाताचं. पेठांतल्या वाड्यांना तर समोर अंगणच नव्हतं. भिंत थेट रस्त्याला भिडलेली, आणि मोकळी जागा म्हणजे आतला चौक. कुणी शनिवारवाड्याच्या तटाकडे बोट दाखवील, पण ते राज्यकर्त्याचं ठाणं होतं. सावकाराच्या किंवा भिक्षुकाच्या घराला बुरूज नव्हते. दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा बघा, त्याचा कोरीव लाकडी सज्जा सरळ रस्त्यावर आलेला आहे. घर बंदिस्त होतं हे खरं, पण घर आणि रस्ता यांच्यामध्ये कुंपण घालण्याजोगं काही नव्हतंच. अर्थात म्हणून वाडा मोकळ्या मनाचा ठरत नाही. आत कोण आणि बाहेर कोण, हे गावात गावकुसाने ठरवलं होतं आणि पेठेत ते भिंतीवाचूनही पक्कं होतं. १८६८मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला. खासगी आवारावर बाहेरच्यांचाही काही हक्क पोचतो, हा विचार पुण्यात त्या हौदाने मांडला. वाड्याचा वारसा सांगणाऱ्यांना पुण्याचा हा वारसा मात्र आठवत नाही.

सगळे चुकतात ते पुढच्या वळणावर. रूढ समजूत अशी की वाडा अंतर्मुख, बंगला साहेबी आणि मोकळा, आणि आजची गेट लावलेली वसाहत म्हणजे पुन्हा वाड्याकडे वाटचाल. या मांडणीत बंगल्याचं समोरचं अंगण ही मालकाची हौस ठरते, आणि हौस म्हटली की ती झाकायची की दाखवायची हे ज्याचं त्याने ठरवावं. पण ते अंगण हौसेतून आलेलं नाही. १८९७च्या प्लेगने पुण्यातली माणसं पेठांतून उठवून माळावरच्या झोपड्यांत नेली. दाटीवाटीच्या वस्तीत हवा-उजेड नाही म्हणून रोग माजतो, अशी त्या काळच्या आरोग्यखात्यांची धारणा होती. मुंबईत १८९८मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, १९१५मध्ये मुंबई प्रांताचा नगररचना कायदा झाला, आणि डेक्कन जिमखाना, प्रभात रोड या भागांत घरं उठू लागली ती रस्त्यापासून मागे सरकून. पानशेतच्या १९६१च्या पुरानंतर सहकारनगरसारख्या वसाहतींनी तोच कित्ता गिरवला. म्हणजे समोरची पट्टी मालकाने शहराला दिलेली आहे: सातबारा त्याचा, पण बांधायची नाही, कारण तिच्यावरून वारा आणि उजेड साऱ्या गल्लीला मिळायचा. नियमही हेच सांगतात. महाराष्ट्रातल्या बांधकाम नियमांत समोरच्या सीमाभिंतीची उंची रस्त्याच्या मध्यापासून दीड मीटर धरली आहे, २.४ मीटरपर्यंत जायचं तर वरचा भाग जाळीचा हवा. कोपऱ्यावरच्या भूखंडाला तर वळणापाशी पाऊण मीटरच भरीव भिंत, वर हवे तर गज, कारण वळणारा वाहनवाला दिसला पाहिजे. कायद्याला हद्द दाखवलेली चालते. आडोसा केलेला चालत नाही. मेंदीचं किंवा कोयनेलचं कुंपण आणि गजांचं फाटक ही त्या काळच्या पुणेकराची नुसती आवड नव्हती. अटीचा अर्थ त्याला कळला होता.

अमेरिकेत उद्यानरचनाकार फ्रँक स्कॉट यांनी १८७०मध्येच घराची बाग शेजाऱ्यापासून झाकणं हे ख्रिस्ती धर्माला न शोभणारं ठरवलं, आणि तिथली कितीतरी उपनगरं आजही समोरच्या कुंपणावाचून आहेत. इतकं टोक पुण्याला परवडणारं नाही. कुंपण अजिबात नसेल तर सायंकाळपर्यंत अंगणात तीन दुचाक्या लागतात, आणि रस्ता जरा चालता असेल तर वर्षभरात तिथे टपरी येते. जंगली महाराज रस्त्यावर हॉटेलांनी मोकळ्या जागांत केलेली बांधकामं महापालिकेला पुन्हा पुन्हा पाडावी लागतात, ते उगाच नाही. भटकी कुत्री आहेत, पहाटे फिरायला निघून देवासाठी परक्याची जास्वंद तोडणारे सभ्य लोक आहेत (त्यांच्यासाठी पुणेकराने पाटी शोधली, तिचा उपयोग किती हा वेगळा विषय). पण यातल्या कशालाही चार फुटांची जाळी पुरते. उरते चोरी. मुलं परदेशी, घरात दोनच वृद्ध, ही कहाणी पुण्यात घरोघरी आहे आणि ती भीती हसण्यावारी नेता येत नाही. मात्र भरीव भिंत चोराला एकदाच अडवते, आणि तो आत उतरला की त्याला रस्त्यापासून लपवते. शहरांच्या अभ्यासक जेन जेकब्स यांनी १९६१मध्ये रस्त्यावरच्या नजरांचं महत्त्व सांगितलं. वास्तुरचनाकार ऑस्कर न्यूमन यांचं १९७२चं पुस्तक तटबंदीच्या समर्थनासाठी वापरलं जातं, पण घरातून आवार दिसत राहावं यावर त्यांचा भर होता. समोरच्या इस्त्रीवाल्याला ज्या घरात काय चाललंय ते दिसतं, ते घर जास्त सुरक्षित.

शिवाय भिंत ही निरुपद्रवी वस्तू नाही. २९ जून २०१९च्या पहाटे कोंढव्यात एका सोसायटीची सीमाभिंत पलीकडच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ जण गेले. त्याच वर्षी २५ सप्टेंबरच्या रात्री आंबिल ओढ्याचा पूर आला, तेव्हाही भिंती पडून माणसं दगावली. भिंत आतल्याला किती निर्धास्त करते हे आपण मोजतो, ती बाहेरच्यावर काय लादते हे मोजत नाही. यावर कुणी म्हणेल, आमची जागा, आमचा पैसा. जागा तुमची आहेच. पण त्या जागेला किंमत आली ती समोरचा रस्ता शहराने केला, राखला आणि त्यावर दिवे लावले म्हणून. तेव्हा पुनर्विकासाच्या करारावर सही करण्यापूर्वी सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत सीमाभिंतीचा आराखडा मागा, तिची उंची आणि जाळीचा भाग लिहून घ्या, पावसाच्या पाण्याला वाट ठेवली आहे का ते विचारा. एकदा भिंत उभी राहिली की ती उतरवायला कोणतीच सोसायटी तयार होत नाही.