बास्कियाच्या कानाने

चित्रकार जाँ-मिशेल बास्कियावरून केलेले संगीताचे मिक्स बहुतेक वेळा एकाच वाटेने जातात. थोडा बेबॉप, थोडं सुरुवातीचं हिप-हॉप, मधे 1980 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या क्लबांत वाजणारं काहीतरी, आणि मुखपृष्ठावर त्याचा तीन टोकांचा मुकुट. यात खोटं काही नाही. हे सगळं तो खरोखर ऐकत होता. पण ही त्याच्या कपाटातल्या रेकॉर्डची यादी झाली. त्याचं चित्र कसं घडायचं, ते तिच्यातून ऐकू येत नाही.

त्यासाठी त्याचं 1983 मधलं 'डिस्कॉग्राफी (वन)' बघावं. काळ्या पृष्ठभागावर पांढरी अक्षरं, एवढंच. चेहरा नाही, सॅक्सोफोन नाही. 26 नोव्हेंबर 1945 रोजी सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करने न्यूयॉर्कमध्ये सॅव्हॉय कंपनीसाठी जे ध्वनिमुद्रण केलं, त्याचा तपशील बास्कियाने हाताने उतरवून काढला आहे. ट्रम्पेटवर माइल्स डेव्हिस, ड्रमवर मॅक्स रोच, खाली वाजवलेल्या रचनांची नावं. कुणी नामजप वहीत लिहून काढावा, तसं हे चित्र आहे.

त्याच दिवशी 'को-को' मुद्रित झालं. मिनिटाला 300 च्या आसपास ठोके, आणि तीन मिनिटांच्या आत खेळ खलास. त्याच्या मुळाशी 'चेरोकी' हे 1938 मधलं लोकप्रिय गाणं आहे. पार्करने त्याची स्वरसंगतीची चौकट ठेवली आणि चाल काढून टाकली. पहिल्या प्रयत्नात वादक मूळ चालीवर घसरले, तेव्हा वादन मधेच थांबवलं गेलं. तो अर्धवट तुकडाही आज ऐकायला मिळतो. पार्करला वाहिलेल्या 'चार्ल्स द फर्स्ट' या 1982 च्या चित्रात बास्कियाने 'चेरोकी' हा शब्द लिहिला आहे. ज्या गाण्याची चाल पुसली गेली, नेमकं त्याचंच नाव.

मिक्स करणाऱ्याने इथे थांबून विचार करावा. 1973 मध्ये ब्रॉन्क्समध्ये डीजे कूल हर्क जुन्या रेकॉर्डमधला फक्त ड्रमचा तुकडा उचलून लांबवत होता. बास्किया लहानपणी आईने दिलेल्या 'ग्रेज अॅनाटमी' या शरीरशास्त्राच्या पुस्तकातून हाडांची नावं आणि आकृत्या उचलत होता. पार्करचं 'को-को' हेही तेच काम. आधीचं घ्यायचं, तोडायचं, त्यातला हवा तो भाग पुन्हा पुन्हा समोर आणायचा. या तिघांचं नातं काळाचं किंवा शैलीचं नाही, कामाच्या पद्धतीचं आहे.

बास्किया स्वतः संगीतातही उतरला होता. 1979 मध्ये मायकेल होल्मनबरोबर त्याने बँड काढला. आईने दिलेल्या त्या पुस्तकावरून बँडचं नाव पुढे 'ग्रे' पडलं. 1983 मध्ये त्याने रॅमेलझी आणि के-रॉब यांची 'बीट बॉप' ही रेकॉर्ड काढली, मुखपृष्ठही स्वतःच केलं. दहा मिनिटांचा हा रॅप सरळ चालत नाही. आवाज प्रतिध्वनीत विरतात, मधेच परत येतात.

आता उरतं ते खोडणं. बास्किया शब्द लिहून त्यावर रेघ ओढायचा, आणि ते मुद्दाम करायचा. खोडलेला शब्द माणूस अधिक लक्ष देऊन वाचतो, असं त्याचं म्हणणं होतं. डीजेच्या हातातला, आवाज कमी-जास्त करणारा फेडर हेच करू शकतो. पार्करची तान ऐन रंगात असताना आवाज बंद करावा, दोन मात्रा जाऊ द्याव्यात, आणि तोच तुकडा पुन्हा सुरू करावा. एरवी चांगल्या मिक्समध्ये दोन रेकॉर्डमधला सांधा कळू नये याची खटपट असते. इथे तो सांधा दिसलाच पाहिजे. 'को-को'ची लय ओढूनताणून 'बीट बॉप'शी जुळवली, तर दोन्हींचा जीव जातो. त्यापेक्षा एक कापून दुसरं सुरू करावं, आणि ऐकणाऱ्याला बसणारा तो धक्का तसाच राहू द्यावा.