सायंकाळचे जिव्हालौल्य

क्षुधा हा देहाचा धर्म आहे; लौल्य हा मनाचा विकार आहे. या दोहोंतील भेद सकाळी सहज कळतो, कारण रात्रभराच्या उपवासानंतर लागलेली भूक कोरडी भाकरीही गोड करून घेते. संध्याकाळी मात्र तो भेद पुसट होतो. दुपारचे जेवण होऊन फार वेळ झालेला नसतो, रात्रीच्या जेवणास दोन-तीन तासांचाच अवकाश असतो, आणि तरीही हात फडताळातील डब्याकडे जातो. त्या हातावर भाकरी ठेवली तर ती नको असते. शेव, चिवडा, भजी यांपैकीच काही हवे असते. भूक अन्न मागते. लौल्य पदार्थाचे नाव घेऊन मागते. साधकाला आत्मपरीक्षणासाठी एवढी एक खूण पुरेशी आहे.

छत्रपती संभाजीनगरात ही परीक्षा रोजची आहे. राज्य शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू केला, तेव्हा कार्यालये सुटण्याची सर्वसाधारण वेळ सायंकाळी सव्वासहा अशी ठरली. त्याच सुमारास गुलमंडी, पैठण गेट, निराला बाजार, कॅनॉट या भागांत कढया तापलेल्या असतात. कोठे समोसे, कोठे कचोरी, कोठे या शहराच्या आवडीची इमरती. दिवसभराच्या कामाने शिणलेला नोकरदार त्या वाटेने जातो, थांबतो, खातो. घरच्यांसाठी पुडाही बांधून घेतो. घरी आल्यावर चहाबरोबर तो पुडा सुटतो, आणि समोर दूरचित्रवाणी किंवा हातात भ्रमणध्वनी असला म्हणजे किती खाल्ले याचा हिशेब राहत नाही. पुढे रात्री नऊला पान वाढले जाते, तेव्हा भूक नसते. तरी वेळ झाली म्हणून जेवण होतेच. पूर्वीचे अन्न जिरण्याआधी पुन्हा जेवणे याला आयुर्वेदाने 'अध्यशन' असे नाव देऊन ते रोगाचे कारण मानले आहे.

याच शहराच्या परिसरात आहारसंयमाचे फार जुने पाठ कोरलेले आहेत. वेरूळची पहिली बारा लेणी बौद्धांची आहेत. विद्यापीठामागील डोंगरातही बौद्ध लेणी आहेत. तेथे राहणाऱ्या भिक्षूंना विनयाच्या नियमाप्रमाणे मध्यान्हानंतर भोजन वर्ज्य होते. वेरूळचीच क्रमांक ३० ते ३४ ही लेणी जैनांची आहेत. त्या परंपरेत सूर्यास्तानंतर चारही प्रकारचा आहार सोडण्याचे 'चौविहार' व्रत गृहस्थही पाळतात. आणि याच वेरूळला सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींचे दहा महिने वास्तव्य झाले, हे लीळाचरित्राच्या वाचकांस ठाऊक आहे.

स्वामींच्या दिनचर्येत सायंकाळचे भोजन वर्ज्य नव्हते. लीळाचरित्रात आरोगणेप्रमाणे व्याळीचाही उल्लेख वारंवार येतो. पूजा, निरूपण, विहरण, आरोगण, व्याळी, पहुड अशी प्रत्येक क्रिया तेथे आपापल्या अवसरी होताना दिसते. म्हणून रात्री जेवू नये असा निष्कर्ष येथे काढावयाचा नाही. अन्नाला अवसर असावा आणि अवसर नसताना अन्नाकडे हात जाऊ नये, एवढाच बोध घ्यावयाचा आहे. भगवान श्रीकृष्णांनीही गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणारा आणि मुळीच न खाणारा या दोघांनाही योगाला अपात्र ठरविले आहे. संध्याकाळचे चरणे सुटावे म्हणून दिवसभर उपाशी राहणारा मनुष्य याच उपदेशाचे दुसरे टोक मोडतो, आणि सायंकाळी दुप्पट खातो.

येथे एक शंका संभवते. सायंकाळी खावेसे वाटणे जर इतके सार्वत्रिक आहे, तर त्यात साधकाचा दोष तो काय? शंका योग्य आहे. अमेरिकेतील संशोधकांनी १२ निरोगी व्यक्तींना दिवसरात्रीचा बोध होणार नाही अशा मंद प्रकाशात ठेवून अभ्यास केला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. केव्हा काय खाल्ले याचा संबंध न राहता शरीराच्या आतल्या घड्याळाप्रमाणेच भूक सकाळी आठच्या सुमारास सर्वांत कमी आणि रात्री आठच्या सुमारास सर्वांत जास्त असल्याचे त्यात आढळले. गोड, खारट व पिष्टमय पदार्थांची इच्छाही त्या वेळी वाढत होती. इच्छेचा उदय देहस्वभावाने होतो, त्याबद्दल स्वतःला पापी समजण्याचे कारण नाही. परंतु त्या इच्छेला रोज त्याच वेळी, त्याच जागी, त्याच पदार्थाचा भोग दिला म्हणजे ती सवय होते. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलोव्ह यांनी दाखवून दिले की, अन्नापूर्वी ठरावीक ध्वनी पुनःपुन्हा ऐकविला तर पुढे नुसत्या ध्वनीनेही कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटते. पैठण गेटावरचा तळणाचा वास आणि घरातील डब्याच्या झाकणाचा आवाज मनुष्यावर हेच कार्य करतात.

यातील हानी लहान नाही. पन्नास ग्रॅम शेवेत सुमारे पावणेतीनशे कॅलरी असतात, आणि तिच्या वजनाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक तेलाचाच असतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत सुमारे १०.१ कोटी भारतीयांना मधुमेह असल्याचा अंदाज आहे. केवळ फरसाणाने मधुमेह होतो असे नाही; पण ज्या घरात वडिलांना तो झालेला आहे, त्याच घरात रोज संध्याकाळी मुलांसमोर तळलेल्याचा पुडा सुटत असेल, तर मुले त्यातून काय शिकतात, याचा विचार घरच्या कर्त्याने करावा.

उपाय कोणता? साधनवंतांच्या आचारात भिक्षा, विजन, अटन आणि स्मरण यांना मोठे स्थान आहे. गृहस्थाला तो आचार पूर्णत्वाने पाळणे शक्य नसले तरी त्याचे मर्म आपल्या घरापुरते घेता येते.

भिक्षेचे मर्म असे की अन्न निवडून घ्यावयाचे नाही. घरोघरचे अन्न एका झोळीत पडते, तेथे रुचीचा आग्रह उरत नाही. गृहस्थाने सायंकाळी खरोखर भूक असेल तर घरात जे साधे असेल तेच घ्यावे: मूठभर फुटाणे, एखादे फळ, ताक. ते नको वाटले तर भूक नव्हती असे जाणावे.

विजनाचे मर्म असे की विषयाच्या सान्निध्यात बसून विषयाशी झुंजू नये. त्याच्यापासून दूर जावे. डबा हाताशी ठेवून मनाला आवरणारा दहा दिवसांतून एकदा जिंकतो. डबाच न भरणारा मात्र झुंजल्यावाचून जिंकतो. गुलमंडीची वाट सोडून दुसऱ्या वाटेने घरी येणे हेही त्या अर्थी लहानसे विजनच होय.

अटनाचा अंश म्हणजे चालणे. इच्छेचा वेग बहुधा थोड्या वेळात ओसरतो. तेवढा वेळ घराबाहेर पायी फिरण्यात घालवावा. आणि रात्रीचे जेवण नऊवरून साडेसातवर आणावे. निम्मे लौल्य जेवणाच्या उशिरामुळेच पोसलेले असते.

चौथे स्मरण. दिवस मावळतानाचा तो रिकामा अवकाश भरावयास काहीतरी लागतेच. तोंड बंद ठेवले आणि मन मोकळे सोडले तर मन पुन्हा डब्याकडेच जाईल. म्हणून त्या वेळी नामस्मरण, पोथीचे पान, मुलांकडून पाठांतर यांपैकी काही नियमाने ठेवावे. जुनी सवय नुसती काढून टाकता येत नाही. तिच्या जागी दुसरी बसवावी लागते.

या नियमात तारतम्य असावे. दिवसभर ओझी वाहून आलेल्या मजुराचा सायंकाळचा वडापाव हे लौल्य नव्हे; ते त्याचे अन्न आहे, आणि त्याच्याकडे तुच्छतेने पाहणे हा अधिक मोठा दोष आहे. जे मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेतात त्यांनी वैद्यांस विचारल्यावाचून सायंकाळचे खाणे बंद करू नये. साखर एकाएकी उतरल्यास जिवावर बेतते. घरी पाहुणा आला तर त्याच्यासाठी ताट करावे आणि आपला नियम त्याला ऐकवू नये.

नियम एखादे दिवशी मोडला तर तो संपला असे मानू नये. लंडन येथे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागल्याचे दिसले. कोणास १८ दिवस, तर कोणास २५४ दिवसांपर्यंतचा काळ लागेल असा अंदाज होता. एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात मोठा खंड पडला नाही, असेही त्यात आढळले. धर्माचरणातही हेच खरे आहे. चुकीचा खेद करीत बसण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी त्याच वेळी नियमास लागणे श्रेष्ठ.

संध्याकाळच्या त्या दोन तासांत घरातील माणसे दिवसभरानंतर प्रथमच एकत्र येतात. तोच काळ स्मरणाचा, मुलांना जवळ घेण्याचा, वृद्धांची विचारपूस करण्याचा आहे. तो पुड्यातील तेलकट कागदाबरोबर फेकला जातो, ही खरी हानी होय. वजन पुढे उतरवता येईल. ती संध्याकाळ परत मिळत नाही. म्हणून साधकाने आजच घरातील डबा रिकामा झाल्यावर तो पुन्हा भरू नये, आणि दिवेलागणीला पोथी उघडावी.