बायोडाटा आणि कूटलेख

वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा लाडची जैन ग्रंथभांडारं अभ्यासकांना पूर्वीपासून ठाऊक. रायबहादूर हिरालाल यांनी १९२६ साली मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत पोथ्यांची सूची छापली, तीत इथल्या पोथ्याही आल्या. अशा पोथीच्या शेवटी प्रशस्ती असते: कोणत्या संवतात, कोणत्या गावी, कोणासाठी नक्कल झाली. नक्कल करणारा स्वतःविषयी मोजकंच बोलतो. वर पुष्कळदा हेही सांगून ठेवतो, की समोरच्या प्रतीत दिसलं तसं उतरवलं, चुकलं असेल तर मला बोल लावू नका.

आजची प्रशस्ती म्हणजे नोकरीसाठीचा बायोडाटा. तो बसस्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार होतो. साचा आयता असतो. घाईत कधी आधीच्या गिऱ्हाइकाचा मोबाईल नंबर तसाच राहतो, कधी जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी जुळत नाही. ‘प्रामाणिक, कष्टाळू, नेतृत्वगुण’ मात्र सगळ्यांच्या वाट्याला सारखे येतात! शेवटी ‘वरील माहिती खरी आहे’ आणि सही.

ही सही जैन धर्माच्या नजरेतून काय आहे?

तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथाच्या सातव्या अध्यायात श्रावकाच्या, म्हणजे गृहस्थ जैनाच्या, सत्यव्रताचे पाच अतिचार मोजले आहेत. त्यांतला एक कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणं. न केलेल्या नोकरीची दोन वर्षं घुसवली की तो कूटलेखच, त्यात वाद नाही. तरी जैन आचारशास्त्र अतिचार आणि अनाचार यांत फरक करतं. पहिल्यानं व्रताला तडा जातो, दुसऱ्यानं ते मोडतं. २०१६ साली ‘अवतारसिंग विरुद्ध भारत सरकार’ या निकालात सर्वोच्च न्यायालयानंही अशीच प्रतवारी लावली. उमेदवारानं माहिती खरीच द्यायला हवी. पण कोवळ्या वयातल्या घोषणाबाजीसारखं किरकोळ प्रकरण लपवलं असेल, तर नोकरी देणाऱ्याला ते पोटात घालता येतं.

खरी पंचाईत तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात आहे. तिथे परनिंदेच्या जोडीला आत्मप्रशंसा बसवली आहे, आणि नसलेले गुण मिरवणंही. या गोष्टींनी नीच गोत्रकर्म, म्हणजे हलक्या कुळात जन्म देणारं कर्म, बांधलं जातं. मग स्वतःची लायकी सांगायलाच लिहिलेला कागद निर्दोष व्हायचा कसा?

वाट विशेषणं गाळण्यात असावी. ‘मेहनती’ ही प्रशंसा, तिला साक्षीदार नाही. ‘दोन हंगाम अडत्याकडे सोयाबीनच्या काटापट्ट्या लिहिल्या’ ही माहिती. अडत्याला फोन केला की खरंखोटं कळतं. गंमत अशी, की गाळलं जातं ते नेमकं हेच. दुकानदार विचारतो, “अनुभव काय टाकू?” पोरगा म्हणतो, “काही नाही, टाका निरंक.” धान्याची पोती मोजून देणारा हा पोरगा मग ‘नेतृत्वगुण’ खाली सही करतो आणि पाच प्रतींचे पैसे देतो.