पेंडीचा गोळा

आमच्या कृष्णाकाठी गळ टाकायच्या आधी चार दिवस डोहात पेंड टाकायची रीत होती. शेंगदाण्याची पेंड भिजवायची, त्यात भाजलेलं पीठ कालवायचं, लिंबाएवढे गोळे करायचे आणि रोज एकाच जागी, एकाच वेळेला सोडायचे. पहिल्या दिवशी मासा लांबून बघतो. तिसऱ्या दिवशी वेळेवर हजर असतो. पाचव्या दिवशी गोळ्यात गळ असतो. आमचे थोरले चुलते, आबा, या विद्येत पटाईत. मोराच्या पिसाच्या दांडीचा तरंडा पाण्यावर उभा राहिला की त्यांचं सगळं जग त्या बोटभर दांडीत गोळा व्हायचं. दांडी नुसती थरथरली तर बारका मासा, तिरकी होऊन चालू लागली तर मोठा, एवढं आम्हां पोरांनाही कळे.

यात काही वावगं आहे असं आमच्याकडं कुणाला वाटलं नव्हतं. ते वाटलं समुद्रकाठच्या माणसाला.

आत्या देवगडकडं दिलेली. एका पौषात आबा तिकडं गेले, मला बरोबर घेऊन आणि पिशवीत पेंड घालून. तिकडं गळाला गरी म्हणतात आणि गळ टाकण्याला गरवणं. दाजी गरवायचे ते कोळंबीवर, नाहीतर तारलीच्या तुकड्यावर, जड शिसं लावून, खडकाच्या कपारीत. तांबोशी, गोबरा असले दांडगे मासे. त्यांनी पेंडीचा वास घेतला आणि हसले. "आबा, तुमची न्हंय एकाच वाटेन जाता. ह्यो दर्या जाता आणि परतान येता. तुमची पेंड खय ऱ्हवतली?"

खरंच होतं ते. डोहातला घास डोहात राहतो; खाडीत सहा तासांत पाणी पालटतं. पण आबांनी दाजींकडूनच भरतीचा हिशेब काढून घेतला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा, नवमीला पावणेसात, दशमीला साडेसात. भांगाचे दिवस म्हणून पाण्याला ओढ कमी. मतलई वारा जमिनीकडून, त्यामुळं जेटीच्या आडोशाला पाणी आरशासारखं. भरती पुरी होऊन पाणी घटकाभर थोपतं, तेवढ्यात आबा गोळे सोडायचे. चौथा दिवस एकादशीचा निघाला. त्या दिवशीही नुसतीच पेंड. द्वादशीला नऊच्या सुमाराला त्यांनी बारीक दोरा, हलकं शिसं आणि मोरपिसाचा तरंडा लावला आणि सात बोय काढल्या.

बोय हा चिखलातलं शेवाळ खरवडून खाणारा मासा. कोळंबीकडं ढुंकून बघत नाही, म्हणून तिकडं तो पागानं धरतात. जेटीवरची पोरं टाळ्या पिटायला लागली. दाजी मात्र गप्प. रात्री म्हणाले, "आमचो मासो भुकेन गावता, तुमचो इश्वासान."

आबा उखडले. "दाजी, माशाला कसला आलाय इश्वास? प्वाट हाय त्येला, बाकी काय न्हाय. आन् कोंबड्यास्नी रोज दाणं कोण घालतं?"

वरवर पाहिलं तर आबांचं बिनतोड होतं. मासा मेला तो मेला. पागात मेला काय, गळाला मेला काय. उलट आबांनी सातच घेतले, आणि पाग लहानमोठं निवडत नाही. ‘आमिष’ या शब्दाचाच मुळी एक अर्थ मांस आणि दुसरा लालूच. भाषेनं दोन्ही एका ताटात वाढून ठेवलेत. पण मला तो एकादशीचा दिवस आठवतो. त्या दिवशी टाकलेला गोळा आणि द्वादशीचा गोळा यांत फरक फक्त लोखंडाचा. माशानं दोन्ही सारखेच खाल्ले. मग एकादशीला आबांनी पुण्य केलं म्हणायचं काय?

महाड तालुक्यात वाळणकोंडला काळ नदीच्या डोहात महाशीर आहेत. वरदायिनीचे मासे म्हणून त्यांना कुणी धरत नाही. लोक खाणं टाकतात आणि ते पायरीपाशी गोळा होतात. मी ही गोष्ट आबांना सांगितली आणि विचारलं, तिथं गळ टाकाल का? "आरं, त्ये देवाचं हाईत," ते म्हणाले. देव बाजूला ठेवू. पण तिथं गळ टाकणाऱ्याला आपण नुसता चोर म्हणणार नाही, दगाबाज म्हणू. म्हणजे रोज हातचं खाणाऱ्या जिवाशी आपलं काहीतरी देणं लागतं, हे आबांच्याही मनात कुठंतरी होतंच. त्यांनी म्हातारा बैल कधी बाजाराला नेला नाही. दावणीला मरू दिला. कोंबडीला ती सवलत नव्हती, आणि ते त्यांना कधी खटकलं नाही. मलाही फारसं नाही, मी खातो.

२०१७ साली केंद्र सरकारनं एलईडी दिवे लावून मासे धरण्यावर बंदी घातली. दाजी तोवर थकले होते. उजेड दाखवून बोलवायचं आणि जाळं ओढायचं, हे त्यांना पटणारं नव्हतंच. "ती आबांची पेंडच, फकत मोठी," म्हणाले. मला हे थोडं अन्यायाचं वाटलं. आबांचा दिवा सात माशांपुरता होता.

पण दोघांचं बिनसलं नाही. दुसऱ्या हिवाळ्यात आबा पुन्हा पेंड घेऊन गेले. दाजींनी पंचांग बघून भरतीची वेळ सांगितली, जेटीवर बसायला गोणपाट दिलं. दुपारी आत्यानं बोयचं कालवण केलं तेव्हा मात्र दाजींनी ताटात तारली वाढून घेतली.