किरणांची वाट

कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळात 9, 10, 11 नोव्हेंबरला आणि पुन्हा 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी परंपरेने किरणोत्सव असतो. मावळतीचे किरण महाद्वारातून, गरुड मंडपातून थेट गाभाऱ्यात शिरतात. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी कंबर, तिसऱ्या दिवशी मुख, असा क्रम सांगतात. त्या काही क्षणांसाठी देऊळ खच्चून भरतं.

यात गूढ काही नाही. 21 डिसेंबरच्या सुमारास सूर्य दक्षिणेच्या टोकावरून परत फिरतो. त्याच्या साधारण 41 दिवस आधी तो क्षितिजावर जिथे मावळतो, तितक्याच दिवसांनी परतीच्या वाटेवर तो पुन्हा तिथेच मावळतो. बांधणाऱ्यांनी हे हेरलं असणार. चिकित्सक म्हणतो, ही तर भूमिती, देव कुठे? भाविक म्हणतो, चमत्कार! गंमत अशी की नियम मोडेल तिथेच देव, हे दोघांनीही गृहीत धरलेलं असतं.

खुद्द न्यूटनला वाटे की ग्रहांच्या गतीत साचणारा बिघाड देवाला अधूनमधून दुरुस्त करावा लागतो. 1715 मध्ये जर्मन तत्त्वज्ञ लायबनिझने त्याची टर उडवली: पुन्हा पुन्हा किल्ली द्यावी लागणारं घड्याळ करणारा देव कसला कारागीर! मला लायबनिझ पटतो. न चुकणं हीच देवाची काम करण्याची रीत असावी.

पण ही श्रद्धा स्वस्तात मिळत नाही. किरण देवाचे म्हटले, की पूरही त्याचाच म्हणावा लागतो. त्याच सूर्याने समुद्रावरून उचललेली वाफ सह्याद्रीवर कोसळते आणि कोल्हापूरची पंचगंगा नदी फुगते. ऑगस्ट 2019 मध्ये शहरात शिरलेल्या पाण्याने कुणाच्या घरात देव्हारा आहे, हे पाहिलं नाही. ज्यांचा काहीच दोष नव्हता त्यांचं काय, याचं समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. ‘देवाची मर्जी’ हे तर उत्तरच नव्हे. मात्र नियम पक्का आहे म्हणूनच पाणी कुठवर येईल, हे आधी आखता येतं. पूररेषा म्हणजे दुसरं काय?

देऊळ बांधणाऱ्यांनी किरणांची वाट मोकळी ठेवली होती. आपण तिच्यात इमारती उभ्या केल्या आणि नदीकाठी भराव टाकले. ढग, धूळ आणि बाष्पही किरणांना अडवतात, पण ती काही आपण परवानगी देऊन उभारलेली नसतात. एवढं करून किरण मुखापर्यंत पोचले नाहीत किंवा पाणी उंबऱ्याशी आलं, की देवी कोपली म्हणायचं, हा देवीवर घातलेला खोटा आळ आहे. कोल्हापूरकरांनी आधी किरणांच्या आणि पाण्याच्या या दोन वाटांतले अडथळे हटवायला लावावेत. नवस मग बोलावा.