शिफारस आणि कदर

'शिफारस' हा शब्द आपल्याकडे बदनाम झाला आहे. शिफारस म्हटली की चिठ्ठी आठवते, वशिला आठवतो, साहेबांच्या ओळखीतला माणूस आठवतो. पण कुरआनच्या अनेक उर्दू भाषांतरकारांनी 'शफाअत' या अरबी शब्दासाठी हाच शब्द वापरला आहे. सूरह निसाच्या 85व्या आयतीचा आशय असा, की जो भल्या गोष्टीची शिफारस करतो त्याला तिच्यातला वाटा मिळतो आणि जो बुऱ्या गोष्टीची शिफारस करतो त्याच्यावर तिचा भार पडतो. म्हणजे शिफारस करणारा दोन शब्द बोलून मोकळा होत नाही. पुढे जे घडते त्यात तो भागीदार असतो.

ही गोष्ट नोकरीच्या चिठ्ठीइतकीच चित्रपटाला आणि गाण्यालाही लागू आहे, असे मला वाटते. 'हे बघा', 'हे ऐका' असे आपण रोज कुणाला तरी सांगतो. त्यात दुसऱ्याच्या आयुष्यातले दोन-तीन तास मागून घेतो. ज्या कलाकृती आधीच गाजलेल्या आहेत त्यांना आपल्या शब्दाची गरज नसते. प्रश्न उरतो तो कदर न झालेल्या कामांचा. त्यांच्याबाबतीत आपले काही कर्तव्य आहे काय? कलावंत वारलेला, त्याची कंपनी बंद झालेली. मग हे देणे आपण नेमके कुणाचे लागतो?

उत्तरासाठी फार दूर जायला नको. आमचे मुरगूड कागल तालुक्यात, वेदगंगेच्या काठी. तहसील कचेरीचे काम निघाले की आम्हाला कागलला जावे लागते. त्याच कागलात 1897 साली शेख फत्तेलाल यांचा जन्म झाला. सिनेमाच्या जगात त्यांना साहेबमामा म्हणत. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत ते तयार झाले. 1 जून 1929 रोजी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली, तेव्हा विष्णुपंत दामले, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्याबरोबर तेही भागीदार होते. 1933 साली कंपनी पुण्याला गेली. शांतारामांच्या 'अमृतमंथन', 'कुंकू', 'माणूस' अशा चित्रपटांचे कलादिग्दर्शन फत्तेलाल यांचे. आणि 1936 सालचा 'संत तुकाराम' दामले आणि फत्तेलाल या जोडीने दिग्दर्शित केला. 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. पुढे 'गोपालकृष्ण' आणि 'संत ज्ञानेश्वर' हेही याच जोडीचे.

'संत तुकाराम' हा उपेक्षित चित्रपट नाही, असे कुणीही म्हणेल, आणि ते खरे आहे. पण गाजलेल्या कामाच्या आतही उपेक्षित काम असते. हा चित्रपट आठवला की विष्णुपंत पागनीस यांचा चेहरा आठवतो. ज्या घरात हा तुकाराम राहतो ते घर आठवत नाही. तुकोबांच्या घरातली टंचाई संवादात यायच्या आधीच भिंतींवर, चुलीपाशी, दारात दिसते. जिजाई तेथे राबते, चिडते. पोर आजारी पडल्यावर ती देवळात जाऊन हातात पायताण घेऊन पांडुरंगाला जाब विचारते, तेव्हा ते आपल्याला नाटकी वाटत नाही. कारण हे घर, ही भूक आपण आधी पाहिलेली असते. ही पाहण्याची तयारी कुणीतरी करून ठेवली आहे. मिरजेचे तंबोरे जगभर वाजतात, 2024 साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. पण मैफल संपल्यावर दाद गवयाला मिळते, भोपळा निवडणाऱ्या कारागिराची आठवण कुणाला येत नाही. साहेबमामांचे तसेच झाले.

आता अवघड भाग येतो. फत्तेलाल यांचे नाव आपल्या सभा-संमेलनांत घेतले जात नाही असे नाही. भाषणात एक यादी येते: शेख महंमद, शाहीर अमर शेख, उस्ताद अल्लादियाखाँ, शेख फत्तेलाल. यादी वाचली जाते, टाळ्या पडतात, आणि वक्ता पुढच्या मुद्द्याकडे वळतो. ही यादी कुणासाठी असते? बहुतेक वेळा ती सभागृहात नसलेल्या एका माणसाला उद्देशून असते, जो आपल्याला 'तुम्ही इथले कसे?' असे विचारतो. त्याला आपण ही नावे दाखवतो. 2019-20 च्या सुमारास आपल्या वस्त्यांतून जुने दाखले शोधण्याची जी धांदल उडाली होती ती आठवा. शाळा सोडल्याचा आजोबांचा दाखला ट्रंकेतून काढून जसा जपून ठेवला, तशीच ही नावे आपण जपून ठेवली आहेत.

दाखल्याचा दोष एवढाच, की तो कुणी वाचत नाही. त्यावरचा शिक्का तपासला की तो परत घडी घालून ठेवतात. फत्तेलाल दाखला झाले की त्यांचे नाव राहते आणि काम जाते. 'संत तुकाराम' एका मुसलमानाने दिग्दर्शित केला हे ज्यांना ठाऊक आहे त्यांतल्या किती जणांनी तो शेवटपर्यंत पाहिला आहे? ज्याला मान द्यायचा त्याच्याकडे पाहायचेच नाही, हा कसला मान?

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. ज्यांची नावे आपोआप घेतली जातात त्यांना 'यादी कशाला हवी' असे म्हणणे सोपे असते. ज्यांची नावे पाठ्यपुस्तकातून, फलकावरून, बोलण्यातून गळत जातात त्यांनी ती मोजलीच पाहिजेत. सूरह बकराच्या 283व्या आयतीत साक्ष लपवणाऱ्याचे मन गुन्हेगार ठरवले आहे. जे माहीत आहे ते सांगितले नाही, तर तोही दोष आहे. म्हणून यादी सोडा, असे माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे असे की ग्वाही देणाऱ्याने आधी पाहिलेले असावे. न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष कोणताही काजी मान्य करणार नाही.

'कदर' या शब्दाच्या मुळातच हे आहे. अरबीत कद्र म्हणजे माप, मोल. कदर करणे म्हणजे बरोबर मापणे. मापात घट करणाऱ्यांना कुरआनात कडक इशारा आहे. सूरह मुतफ्फिफीनचे नावच त्यांच्यावरून पडले आहे. आपण तो इशारा किराणा दुकानापुरता समजतो. पण एखाद्याच्या आयुष्यभराच्या कामाला पाव शेर ठरवणे हीही मापातली घटच. आणि आपला माणूस म्हणून त्याला सव्वा शेर ठरवणे हीही खोट. तराजू दोन्हीकडे बिघडतो.

बिघडण्याचा तिसराही प्रकार आहे, दयेचा. मालेगावचे उदाहरण घ्या. यंत्रमागाच्या त्या शहरात नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांनी 2000 साली 'मालेगाव के शोले' काढला. नंतर 'मालेगाव का सुपरमॅन' झाला. त्या धडपडीवर फैजा अहमद खान यांनी 2008 साली 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला आणि 2025 साली रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' पडद्यावर आला. आता मालेगावचे नाव बऱ्याच जणांना ठाऊक आहे. पण शिफारस करणारे काय म्हणतात ते ऐका: 'बिचाऱ्यांनी काहीही नसताना कसे केले बघा.' या वाक्यात कौतुक आहे, पण ते कौतुक गरिबीचे आहे. नासिर शेख यांचे विनोदाचे भान, मोठ्या चित्रपटाचा डौल ओळखून त्याची टोपी उडवण्याची कला, यांची दखल त्यात नाही. दयेने पाहणारा माणूस चूक काढत नाही, म्हणून गुणही ओळखत नाही. माहितीपट मला चांगला वाटतो तो एवढ्याचसाठी, की फैजा अहमद खान या लोकांना कलावंत समजून त्यांच्याशी बोलतात.

या सगळ्यावर आपल्यातलेच एक गंभीर म्हणणे आहे, आणि ते टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. सिनेमा आणि संगीत मुळातच नाजायज मानणारे आपल्या जमातीत पुष्कळ आहेत. ते म्हणतील, 'आयतीचा पहिला अर्धा भाग सांगितला, आता दुसरा वाचा. ज्याची शिफारस करता त्याचा भार तुमच्यावर.' हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. इमाम गझालींनी 'इह्या उलूमिद्दीन'मध्ये समाअवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. त्यांनी सरसकट हलाल-हराम न ठरवता ऐकणाऱ्याच्या मनात ते काय जागवते याचा विचार केला. चिश्ती बुजुर्गांनी समाअ ऐकला तो काही अटी पाळूनच. मतभेद जुना आहे आणि तो या लेखात मिटणार नाही. पण या आक्षेपातून एक गोष्ट मी घेतो. शिफारस करताना 'मला मजा आली' एवढे कारण पुरेसे नाही. ऐकणाऱ्याचे, पाहणाऱ्याचे त्यातून काय होईल, हाही विचार आपण केला पाहिजे. तो भार आपण उचलत असतो.

आज हा भार कुणी उचलतच नाही, ही खरी अडचण आहे. आता शिफारस मोबाइल करतो. काल जे पाहिले त्यासारखे आज तो पुढे ठेवतो. लाखोंनी जे पाहिले ते तुम्हीही पाहा म्हणतो. त्याने स्वतः काही पाहिलेले नसते, कशाने त्याचे डोळे कधी भरून आलेले नसतात, आणि तुमचे तास वाया गेले तर त्याला जाब देता येत नाही. ज्याला दाद मिळाली आहे त्यालाच पुन्हा दाद मिळत राहते आणि मागे पडलेले आणखी मागे जाते. मोठा विरोधाभास असा, की 'संत तुकाराम' त्याच मोबाइलवर पाहता येतो. अडचण मिळण्याची नाही. 'हे बघ' असे सांगणारा माणूस नाही.

असा सांगणारा एक माणूस किती दूर पोचवू शकतो, याचे उदाहरण संगीतात आहे. अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारचे गवई. त्यांचे स्वतःचे गाणे ध्वनिमुद्रिकेत राहिले नाही. राहिली ती त्यांची तालीम: मोगूबाई कुर्डीकर, केसरबाई केरकर यांच्या गळ्यातून, आणि त्यांचे पुत्र मंजीखाँ व भूर्जीखाँ यांच्यामार्फत मल्लिकार्जुन मन्सूर यांच्यापर्यंत. 1977 साली अमेरिकेची व्हॉयेजर याने अंतराळात निघाली तेव्हा त्यांच्यावरच्या सोनेरी तबकडीत केसरबाईंची भैरवी होती. रॉबर्ट ब्राऊन या संगीताच्या अभ्यासकाने ती सुचवली होती. त्याचे केसरबाईंशी रक्ताचे, गावाचे, धर्माचे नाते नव्हते. त्याने ऐकले होते आणि त्याचे माप त्याच्या मनात पक्के होते, एवढाच त्याचा अधिकार. शिफारशीला दुसरा अधिकार लागतही नाही.

मुरगुडातली कॉलेजात जाणारी मुले कधी कधी विचारतात, 'सर, काहीतरी चांगले सांगा की बघायला.' सगळ्यांना एकच नाव मी सांगत नाही. शिफारस माणूस पाहून करावी लागते. चित्र काढणाऱ्या मुलाला मी 'संत तुकाराम' सांगेन आणि म्हणेन की एकदा गोष्ट सोडून नुसत्या भिंती आणि दारे बघ. गावातल्या भांडणाने ज्याचा जिवलग मित्र तुटला आहे त्याला शांतारामांचा 1941 चा 'शेजारी' सांगेन. त्यात दोन म्हातारे शेजारी आहेत, एक हिंदू आणि एक मुसलमान. बुद्धिबळाचा डाव मांडणारे. धरणाच्या कामातून त्यांच्यात वितुष्ट आणले जाते आणि शेवटी ते धरण फुटताना दोघे एकमेकांजवळ येतात. त्याच्या हिंदी आवृत्तीत, 'पडोसी'त, मुसलमान मिर्झा गजानन जागीरदारांनी केला आणि हिंदू ठाकूर मजहर खान यांनी. शेजाऱ्याचे दुःख स्वतःच्या अंगावर घालून बघण्याचा तो प्रयोग होता.

आणि ज्या मुलाला 'तू इथला कसा' हा प्रश्न कुणीतरी विचारला आहे, त्याला सईद अख्तर मिर्झा यांचा 1995 चा 'नसीम' सांगेन. 1992 च्या जून ते डिसेंबरमधली मुंबई, एक शाळकरी मुलगी आणि अंथरुणाला खिळलेले तिचे आजोबा. आजोबांचे काम कैफी आझमींनी केले आहे. पाकिस्तानात का गेला नाहीत, असे घरात विचारले जाते तेव्हा ते कोणताही दाखला काढत नाहीत. अंगणातल्या एका झाडाचे कारण सांगतात. आजीला ते झाड फार आवडायचे. सहा डिसेंबरला ते जातात. आपल्या यादीतल्या सगळ्या नावांपेक्षा त्या झाडात मला अधिक उत्तर दिसते.

म्हणून पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे: हे देणे गेलेल्या कलावंताचे आहेच, पण त्याहून अधिक ते या मुलांचे आहे. साहेबमामांचे आता काही घटत नाही, वाढत नाही. घटते ते ज्याला हे कधी दिसलेच नाही त्याचे. आपण जे पाहिले, ज्याचे माप आपल्याला पटले, ते त्याच्यापर्यंत पोचवणे हा त्याचा हक्क आहे. यंदा प्रत्येकाने असे एकच काम शेवटपर्यंत पाहावे किंवा ऐकावे आणि एकाच माणसाला सांगावे. तो नंतर येऊन 'मला नाही आवडले' म्हणाला तर चिडू नये. त्याला बसवून घ्यावे आणि का आवडले नाही ते विचारावे. आपण दिलेल्या शिफारशीचा वाटा तोही आहे.