निघायचं कधी?

भाची सातव्या महिन्यात माझ्याकडे वाईला आली, ती पहिल्या बाळंतपणाचं डिस्चार्ज कार्ड घेऊनच. तीन वर्षांपूर्वी तिचं सिझर झालं. या वेळी नॉर्मल व्हावं, असं तिला मनापासून वाटतं. मी एकतीस वर्षं लेबर रूममध्ये सिस्टर म्हणून काढली, म्हणून ती माझ्यापाशी आली. दुपारी शेंगा सोलताना सुरू झालेलं आमचं बोलणं दिवेलागणीपर्यंत चाललं. आठवतं तसं लिहिते.

"मावशी, कळा सुरू झाल्या की जमेल तितका वेळ मी घरीच थांबणार. दवाखान्यात अगदी शेवटी जायचं."

"शेवटी म्हणजे कधी?"

"सोसवेनासं होईल तेव्हा. मागच्या वेळी लवकर गेले तिथेच चुकलं. पहाटे चारला भरती झाले. पिशवीचं तोंड जेमतेम एक बोट उघडलेलं. लगेच सलाईन लावलं, त्यात कळांचं इंजेक्शन सोडलं, मला आडवं केलं. तासातासाला कुणीतरी तपासायचं आणि 'अजून तेवढंच' म्हणून निघून जायचं. दुपारी तीनला म्हणाले, प्रगती नाही, सिझर करू. घरी असते तर त्या अकरा तासांत चालले असते, कढत पाण्याने अंघोळ केली असती, मऊ भात खाल्ला असता. शरीराला त्याचा वेळ मिळाला असता."

यातलं काहीच मला खोडता येत नव्हतं. पिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडेपर्यंतचा काळ सुरुवातीच्या कळांचाच धरावा आणि त्याला किती तास लागतील याचं ठरावीक माप नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली सांगितलं. आम्ही मात्र वर्षानुवर्षं बाई दारात आली की तास मोजायला लागायचो.

"पण तेव्हा तुझ्या पिशवीवर वण नव्हता," मी म्हटलं. "आता आहे."

"दोनशेत एक. डॉक्टरांनीच सांगितलंय. कळा घेऊ दिल्या तर दोनशेजणींत एकीची पिशवी वणावर उकलते. आणि चौघींतल्या जवळजवळ तिघी नॉर्मल बाळंत होतात. मग त्या एकीच्या भीतीने मी का घाबरू?"

"हा आकडा कुठल्या बायकांचा?"

"म्हणजे?"

"बहुतेक दवाखान्यातल्या. त्यांच्या बाळाचे ठोके कुणीतरी ऐकत होतं, ऑपरेशन थिएटर शेजारी होतं. पिशवी घरी जास्त उकलते असं मी म्हणत नाही. वणाला घर काय आणि दवाखाना काय! पण उकलल्यावर पुढे काय होतं, ते तू कुठे आहेस यावर ठरतं. तो हिशोब मिनिटांचा असतो आणि वाईहून साताऱ्याच्या तुझ्या दवाखान्यात पोचायला तास लागतो."

"काही बिघडलं तर मला कळेलच की. माझंच शरीर आहे."

"तिथेच घोळ आहे, बाळा. पहिली खूण बहुतेक वेळा आईला जाणवतच नाही. बाळाचे ठोके बिघडतात. दोन कळांच्या मधेही न थांबणारं वणापाशी दुखणं, अंगावर जाणं, जोरात येणाऱ्या कळा एकदम बंद होणं, या खुणा असतात, पण प्रत्येकीला नसतात. सोसवेनासं झालं की निघायचं, हा तुझा नियम सोसण्यावर बेतलाय. एखादी सहज सोसत असते आणि आत बाळ थकत असतं."

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे लवकर जायचं आणि पुन्हा त्याच घड्याळाखाली निजायचं. मावशी, खरं सांग, ड्यूटी बदलायच्या आत उरकायचं म्हणून सिझर झालेलं तू पाहिलं नाहीस?"

पाहिलं आहे. रात्री डॉक्टरांना पुन्हा यावं लागू नये म्हणून संध्याकाळीच निर्णय झालेला पाहिला आहे आणि ट्रॉली मीच आत नेली आहे. तिला तसं सांगितलं.

"मग? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात खासगी दवाखान्यात शंभरातली ४७ बाळंतपणं सिझर होती आणि सरकारीत १४. इमारत बघून बायकांची शरीरं बदलतात का?"

"तो सगळा फरक घाईचा नाही. स्वतःहून सिझर मागणाऱ्याही असतात. पण घाईचा वाटा त्यात आहे, हे मी नाकारणार नाही."

"आणि दोष बघ कसा वाटला जातो. मी घरी थांबले आणि काही झालं तर जन्मभर सगळे मलाच विचारतील. गरज नसताना पोट कापलं तर कुणी कुणाला विचारत नाही."

हे मला लागलं, कारण ते खरं आहे. प्रत्येक सिझरबरोबर पुढच्या खेपेला वार जुन्या वणात रुतण्याचा धोका वाढतो. तसा रक्तस्राव मी पाहिला आहे. पण ते नुकसान पुढच्या बाळंतपणात दिसतं, दुसऱ्याच दवाखान्यात दिसतं, आणि पहिल्या घाईशी त्याचा धागा कुणी जोडत नाही.

"सासूबाई म्हणतात, एकदा सिझर म्हणजे कायम सिझर."

"ते वाक्य न्यूयॉर्कच्या डॉक्टर क्रेगिन यांचं, १९१६ सालचं. तेव्हा पिशवीवर वरच्या भागात उभा छेद घ्यायचे, तो उकलायची भीती फार मोठी. आणि त्यांचा रोख पहिल्या सिझरवर होता, ते उगाच करू नका म्हणून. तुझा छेद आडवा, खालच्या भागातला आहे, कार्डावर लिहिलंय. पोटावरचा वण बघून ते कळत नाही."

"मग निर्णय माझा ना?"

"तुझाच. पण आत आणखी एक जीव आहे आणि त्याला विचारता येत नाही."

"त्याच्या नावाने मला प्रत्येक जण गप्प करतो," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "त्याचा विचार माझ्याइतका कोण करतंय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. थोड्या वेळाने मी एवढंच विचारलं, "तुला घर हवंय, की दवाखान्यातून सुटका हवीय?"

ती विचार करून म्हणाली, "सुटका."

"ती उशिरा जाऊन मिळत नाही. वण असलेली बाई जोराच्या कळा घेऊन दारात यायची, ठोके किती वेळ कुणी ऐकलेले नसायचे, तेव्हा आम्हीच घाबरायचो. घाबरलेली माणसं वाट बघत नाहीत, थेट थिएटरमध्ये नेतात. तुला हवा असलेला धीर दवाखान्याकडून आधीच मागून घ्यायला हवा. ठोके ठीक असताना मला चालू द्याल का? कळांचं इंजेक्शन द्यायचं ठरलं तर आधी माझ्याशी बोलाल का? रक्ताची सोय काय? भूलतज्ज्ञ रात्री इमारतीत असतात, की फोन करून बोलवावे लागतात?"

"डॉक्टरांना असं तोंडावर विचारायचं?"

"विचारायचंच. उत्तर टाळलं तर दुसरा दवाखाना बघायला अजून दोन महिने आहेत."

सदतिसाव्या आठवड्यापासून ती साताऱ्यात माझ्या धाकट्या दिराकडे राहणार आहे. तिथून दवाखाना रिक्षाने दहा मिनिटं. तुरळक, पुढेमागे होणाऱ्या कळा तिथेच घ्यायच्या. त्या नियमित झाल्या की निघायचं, सोसवत असल्या तरी. पाणी गेलं, रक्त दिसलं, बाळाची हालचाल मंदावली किंवा वणापाशी दुखायला लागलं, तर कळांची वाटही बघायची नाही. घरचे ते काही तास तिला हवे होते त्याहून कमी आहेत. तिला ते पूर्ण पटलेलं नाही, हे मला दिसतं.

मंगळवारी ती डॉक्टरांना भेटायला जाते आहे. प्रश्न तिने एका चिठ्ठीवर लिहून कार्डाला टाचले आहेत. पहिला प्रश्न भूलतज्ज्ञांचा आहे.